घरचे पीठ, गावची भट्टी

बीड जिल्ह्यात 'घरची बिस्किटे' म्हणजे घरी भाजलेली बिस्किटे नव्हेत. बाहेरगावच्या वाचकांस हे चमत्कारिक वाटेल, म्हणून आरंभीच खुलासा केलेला बरा. मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा, दूध, चार वेलदोडे असे साहित्य घरून पिशवीत भरून न्यावयाचे, ते बेकरीवाल्याच्या स्वाधीन करावयाचे, किलोमागे मजुरी ठरवावयाची, आपला नंबर येईपर्यंत भट्टीच्या दारात बसून राहावयाचे आणि दिवस मावळता पत्र्याचा डबा भरून बिस्किटे घरी आणावयाची, या सर्व खटाटोपास आमच्याकडे 'घरची बिस्किटे करून आणणे' म्हणतात. दिवाळीपूर्वी, रमजान ईदेपूर्वी, नाताळच्या पंधरवड्यात आणि उन्हाळी सुटीत पोरे घरी असली म्हणजे हा उद्योग चाले; अनेक गावांत तो अजूनही चालतो. दुकानातल्या पुड्यातली बिस्किटे ती 'विकतची', आणि भट्टीवरून आणलेली ती 'घरची'. साहित्य आपले, डबा आपला, आणि मळताना समोर बसलेले डोळे आपले. एवढ्यावर ती घरची ठरत.

या रिवाजाचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. पाककृतींच्या पुस्तकांचा जो लेखकवर्ग होता त्याच्या स्वयंपाकघरात हा प्रश्न नव्हता. आणि ज्यांच्या घरात होता त्यांना लिहावयास सवड नव्हती. तेव्हा जे इतिहासात सापडते आणि जे घरात ऐकले, त्या दोहोंची सांगड घालून काही मांडण्याचा हा यत्न आहे.

'बिस्कीट' हा शब्द लॅटिन भाषेतून आला. 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कॉक्टस' म्हणजे शिजवलेले, भाजलेले. एकदा भाजलेली रोटी पुन्हा भट्टीत सारून तिच्यातला ओलावा घालवला की ती महिनोन् महिने टिकते. लांबच्या सफरीवर निघालेली गलबते असल्या कडक रोट्यांची पिंपे भरून नेत. या अर्थाने पाहू गेल्यास आपल्या बेकरीत मिळणारा टोस्ट हेच खरे बिस्कीट होय. कारण तो पावाचे काप पुन्हा भाजून केलेला असतो. ज्याला आपण आज बिस्कीट म्हणतो ते एकदाच भाजले जाते. शब्द राहिला, क्रिया गेली. मात्र दूरच्या प्रवासाला टिकाऊ अन्न हा त्या शब्दाचा मूळ भाव पुढे बीड जिल्ह्यात फार निराळ्या तऱ्हेने परत आला. त्याकडे शेवटी येऊ.

पाव आणि बिस्कीट या वस्तू आपल्या समाजात नुसत्या खाद्यपदार्थ म्हणून आल्या नाहीत. 'पाव' हा शब्दच पोर्तुगीज; आणि विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा आमच्या वसईकर वाचकांनी लहानपणापासून ऐकलेल्या असतील. त्या कथांत तथ्य किती, हा वाद बाजूस ठेवू. परंतु आंबवलेल्या, परक्या हाताने मळलेल्या, परक्या भट्टीत भाजलेल्या पिठाला समाज किती भीत होता, याची साक्ष त्या कथा देतातच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही ती भीती ओसरली नव्हती. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि भल्या भल्यांना प्रायश्चित्ताचा विचार करावा लागला. मिशन अँग्लिकन पंथाचे होते, आपले नव्हे. पण बिस्किटाला पंथ कोण विचारतो? ख्रिस्ती घरातले, एवढे पुरेसे होते.

ही अडचण व्यापाऱ्यांनी ओळखली. १८९२ साली कलकत्त्यात २९५ रुपयांच्या भांडवलावर एका लहानशा घरात बिस्किटांचा जो धंदा सुरू झाला त्यातूनच पुढे ब्रिटानिया कंपनी उभी राहिली. १८९८ साली दिल्लीत निघालेल्या कंपनीने तर 'हिंदू बिस्किट कंपनी' हेच नाव घेतले. तिचा माल उच्चवर्णीयांच्या हातचा असल्याची ग्वाही हेच तिचे भांडवल होते. १९२९ साली विलेपार्ल्यात मोहनलाल दयाळ चौहान यांनी गोळ्या-मिठायांचा कारखाना काढला आणि १९३९पासून तेथे बिस्किटे होऊ लागली. पुड्याचा मोठा गुण असा की आतला माल कुणी मळला, कुणी भाजला हे दिसत नाही. जे दिसत नाही ते विटाळतही नाही. यंत्राने आणि कागदाने जातीचा प्रश्न सोडवला नाही, झाकला. पण झाकल्यामुळे बिस्कीट सोवळ्या घरांतही शिरले.

त्या काळी बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बंदर दूर, मोठी शहरे दूर. अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. आणि छावणी तिथे पाववाला असा त्या शतकाचा सर्वसाधारण शिरस्ताच होता. भट्टीचे काम मराठवाड्यात मुख्यतः मुसलमान कारागिरांच्या हाती राहिले. १९४८च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्र झाला. राज्ये बदलली तरी भट्टीवरचा उस्ताद बदलला नाही.

आणि आपले मिशन? फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातून आलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स संघाच्या धर्मगुरूंनी १८९०नंतरच्या दशकात औरंगाबादच्या बाजूला घोगरगावी ठाणे दिले. तेथून पुढे वाढलेल्या मिशनभूमीचा १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत झाला आणि बीड जिल्हा त्याच्याच हद्दीत आहे. या प्रदेशाचे अन्न ज्वारी आणि बाजरी. गहू म्हणजे सणाची पोळी. मराठी प्रार्थनेत 'भाकर' हाच शब्द घेतला गेला तो याच लोकांच्या तोंडी बसावा असा आहे. परंतु मिस्साविधीत भाकर चालत नाही. धर्मनियमांच्या संहितेतला ९२४वा नियम स्पष्ट सांगतो की ख्रिस्तप्रसादाची रोटी निव्वळ गव्हाची आणि अलीकडे केलेली असावी. २०१७ साली रोमहून निघालेल्या पत्रकानेही त्याचाच पुनरुच्चार केला. त्यामुळे ज्वारीच्या मुलखात धर्मभगिनींच्या मठात गव्हाचे पीठ पाण्यात कालवून, क्रुसाची नक्षी कोरलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये ते दाबून, पातळ ओस्ती भाजल्या जात. गोल चकत्या कापून उरलेल्या कातरणी पोरांना वाटल्या जात. माझी आई मिशनच्या शाळेत शिकलेली. बिस्कीट म्हणून तिने आयुष्यात प्रथम जे खाल्ले ते या कातरणी होत, असे ती सांगे. न आंबवलेली, बिनसाखरेची, कुरकुरीत. तिला गोड बिस्कीट पुढे फार दिवसांनी मिळाले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. मैदा, साखर, तूप आणि दूध हेच जिन्नस एकत्र मळून आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या शंकरपाळी करीत आल्या. जिन्नसांच्या दृष्टीने शंकरपाळी आणि बिस्कीट ही जवळजवळ सख्खी भावंडे. मग एक घरचे फराळाचे आणि दुसरे परके का? उत्तर चुलीत आहे. आपली चूल खालून जाळ देते. तिच्यावर तवा बसतो, कढई बसते. म्हणून आपण भाकरी भाजतो आणि शंकरपाळी तळतो. पदार्थाला चोहोबाजूंनी कोरडी धग देणारी बंदिस्त जागा आपल्या घरात कधी नव्हतीच. सधन घरांत पातेल्यावर निखाऱ्यांचे झाकण ठेवून नानकटाई करीत. पण डझनभर नानकटाई करणे निराळे आणि घरातल्या आठ माणसांना महिनाभर पुरतील एवढी बिस्किटे करणे निराळे. त्यासाठी भट्टीच हवी. आणि भट्टी ही एका घराला परवडणारी वस्तू नाही. तिला लाकूडफाटा गाडीभर लागतो.

भट्टीचे गणितही पाहण्याजोगे आहे. विटांची घुमटी, आत फरशी, पुढे एकच तोंड. रात्री आत लाकडे पेटवतात, विटा तापल्या की निखारे आणि राख ओढून बाहेर काढतात, आणि मग साठवलेल्या धगीवर काम चालते. पहिल्या कडक धगीला पाव. धग जराशी उतरली की खारी. त्यानंतर नानकटाई आणि बिस्किटे. कारण साखर आणि तूप भरपूर असलेला माल कडक धगीत वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. टोस्ट वाळवणे सर्वांत शेवटी. म्हणजे बेकरीवाल्याचा विक्रीचा पाव पहाटे निघून गेला, की उतरत्या धगीचा जो वेळ एरवी वाया जायचा तो घरच्या साहित्याच्या गिऱ्हाइकांना मिळे. त्याचे सरपण वसूल होई आणि आमचा सण साजरा होई. ही सोय कुणी सभा भरवून ठरवलेली नाही. विटांच्या थंड होण्याच्या चालीने ती ठरली.

साहित्याचे प्रमाण घरागणिक निराळे. आमच्या घरी किलोभर मैद्याला पावकिलो रवा, तीन पाव साखर आणि तेवढाच डालडा असे. डालडा १९३७ साली बाजारात आला. साजुक तूप ज्या घरात औषधापुरतेही नव्हते त्या घरांना बिस्किटाचे दार या पिवळ्या डब्याने उघडले, हे मान्य करावयास हवे. त्याच्या आरोग्यावरील परिणामांची चर्चा आता होते ती योग्यच आहे, पण तो काळ डोळ्यांपुढे ठेवून व्हावी. साखर शिधापत्रिकेवर मिळे, ती महिनाभर चहातून वाचवावी लागे. बेकरीवाला आपल्या पदरचा सोडा किंवा अमोनिया घाली. हा अमोनिया धगीत पूर्ण उडून जातो आणि बिस्कीट हलके करतो. मात्र बिस्किटे जाड राहिली की त्याचा दर्प आत कोंडून राही आणि बायका उस्तादाशी भांडत. संशय तर कायमचाच. आपला डालडा काढून ठेवला, आपल्या मैद्यात दुसऱ्याचा मिसळला, डब्यात चार बिस्किटे कमी भरली. म्हणून तर दारात बसून राहावयाचे.

दारातल्या त्या बसण्यासंबंधी मी आईकडून जे ऐकले ते येथे नोंदवतो. १९६५च्या सुमारास नाताळापूर्वी ती शेजारणीबरोबर तालुक्याच्या गावी एका बेकरीत गेली. साहित्य आधी दिले होते, पहिला नंबर तिचा होता. पण दुपारी इतर बायका आल्या, आडनावे आणि वस्ती विचारली गेली, आणि हिचे पीठ बाजूस राहिले. कुणी काही बोलले नाही. उस्तादाने मान खाली घालून दुसऱ्यांचे पीठ आधी घेतले. ज्या पत्र्यावर हिची बिस्किटे भाजली जातील त्याच पत्र्यावर नंतर आपली भाजली जावीत, हे त्या बायकांना नको होते. आई धर्माने ख्रिस्ती होती. वस्ती मात्र तीच राहिली होती. सर्वांची कामे आटोपल्यावर, दिवेलागणीला, तिचे पत्रे भट्टीत गेले. बाप्तिस्म्याने आपल्या लोकांचे काय बदलले आणि काय बदलले नाही, यावर आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या चर्चेत मला हा प्रसंग नेहमी आठवतो. भट्टी मुसलमानाची, रांगेतल्या बायका हिंदू, शेवटचा नंबर ख्रिस्ती बाईचा. आणि चारही बाजूंना गव्हाचेच पीठ. पुढे पंधरा-वीस वर्षांत हा प्रकार मागे पडला. मी स्वतः डबा घेऊन गेलो तेव्हा खडूने लिहिलेल्या नंबराप्रमाणेच पत्रे जात होते. पण तो आपोआप मागे पडला असे मात्र मी म्हणणार नाही. त्या काळात मराठवाड्यात दलित समाज कशाकशासाठी झगडला हे वाचक जाणतातच.

मधल्या काळात १९७२चा दुष्काळ येऊन गेला. रोजगाराच्या कामांवर खडी फोडणाऱ्यांच्या हातात सुकडी पडू लागली. भाजलेले पीठ, गूळ आणि तेल यांचे ते मिश्रण. परदेशी लाल मिलो ज्वारी रेशनवर आली. परदेशी मदतीचा बुल्गर गहू, दुधाची भुकटी आणि तेलाचे डबे चर्चच्या संस्थांमार्फत वाटले गेले. त्या दोन वर्षांत कुणी भट्टीवर साहित्य नेले नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

दुष्काळानंतर विकतच्या बिस्किटांचा पुडा खेड्यातल्या टपरीवर आला आणि घरच्या बिस्किटांना तो आदर्श झाला. पार्ले ग्लुकोची नक्कल करणारे इतके निघाले की १९८०नंतर लवकरच कंपनीने नाव बदलून पार्ले-जी केले. घरीही नक्कल चाले. पोरे हट्ट धरीत की पुड्यातल्यासारखी करून आण. पण तशी ती कधीच होत नसत, आणि त्याचे कारण उस्तादाच्या हातात नव्हते. कारखान्याच्या ग्लुकोज बिस्किटात तूप थोडे असते; त्याचे पीठ घट्ट मळून साच्यात दाबतात आणि सरकत्या पट्ट्यावरून लांबलचक ओव्हनमधून काही मिनिटांत भाजून काढतात. म्हणून ते चहात बुडवले तरी क्षणभर तग धरते. मारी बिस्कीट तर अधिकच पातळ. रशियन राजकन्या मारिया हिच्या विवाहानिमित्त १८७४ साली लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने ते काढले, आणि त्यावरील भोके शोभेसाठी नसून भाजताना फुगू नये म्हणून असतात. घरच्या बिस्किटात मैद्याच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश डालडा. तूप पिठाच्या कणाकणाला लपेटते, पिठाला चिवटपणा येऊ देत नाही. त्यामुळे बिस्कीट तोंडात विरघळते आणि चहात घातले की पेल्याच्या तळाशी बसते. म्हणजे गरीब घर सणाला जे करी ते कारखान्याच्या मालापेक्षा जिन्नसांनी श्रीमंत असे; आणि तरीही पोरांना पुडाच हवा असे. १९९७ साली सरकारने लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंच्या यादीतून बिस्किटे वगळली, मोठ्या कंपन्यांना रान मोकळे झाले, आणि पाहुण्यापुढे घरची बिस्किटे ठेवणे हळूहळू कमीपणाचे वाटू लागले.

खरी 'घरी भाजलेली' बिस्किटे अलीकडची. कुकरची शिटी काढून तळाशी वाळू किंवा मीठ घालून त्यात थाळी ठेवण्याची युक्ती जुनीच. पण २०२०च्या टाळेबंदीत बेकऱ्यांची दारे लागली तेव्हा ती घरोघर पोहोचली. गंमत अशी की त्याच दिवसांत विकतची बिस्किटे कुटून त्यांचा केक करण्याचीही टूम निघाली. विजेचा ओव्हन आमच्याकडे फार उशिरा आला. परळीला १९७१पासून औष्णिक वीजकेंद्र असूनही त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांनी भारनियमनाच्या काळोख्या रात्री पुष्कळ काढल्या आहेत. २०२३ हे संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ज्वारी-बाजरीच्या बिस्किटांची चर्चा वाढली. ही गोष्ट शास्त्राला धरून आहे. ज्वारी-बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून तिचा पाव फुगत नाही; बिस्किटाला तो चिकटपणा नकोच असतो. अडचण एवढीच की बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, त्यामुळे तिची बिस्किटे फार दिवस ठेवता येत नाहीत.

आणि ठेवणे हाच तर बीड जिल्ह्यात मुद्दा आहे. प्रवरानगरला १९५०मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यापासून पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले, आणि त्यांचा ऊस तोडण्यास बीडची माणसे जाऊ लागली. १९७२नंतर तर वस्त्याच्या वस्त्या. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, दिवाळी होताच बिऱ्हाड गाडीत भरावयाचे, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि शिमग्यापर्यंत फडावर कोपीत राहावयाचे. ज्या ख्रिस्ती कुटुंबांच्या हाती कोयता आहे त्यांचा नाताळ गावच्या देवळात होत नाही. तो फडावर येतो आणि बहुधा कामाच्याच दिवशी येतो. माझे थोरले मामा असेच जात. त्यांची बिस्किटे नाताळात नव्हे, दिवाळीपूर्वीच करावी लागत. त्यांतली निम्मी दिवाळीत संपत. निम्मी डालड्याच्या रिकाम्या डब्यात भरून, झाकणाच्या कडेला कणकेची पट्टी लावून, ज्वारीच्या पोत्यांत खुपसून गाडीत ठेवीत. तो डबा २४ डिसेंबरच्या रात्री फोडावयाचा असा मामीचा दंडक होता.

शेवटचा नंबर लागल्याच्या त्या गोष्टीचा राग आईने शेवटपर्यंत सोडला नाही. पण तिने एक निरीक्षणही सांगून ठेवले होते. अगदी शेवटी, मंद झालेल्या धगीत जे पत्रे जातात ते करपत नाहीत. ते रात्रभर आत राहिले तरी चालतात, आणि त्यांतला ओलावा पुरता निघून जातो. पुढे रांग सर्वांना सारखी झाल्यावरही मामांची बिस्किटे भाजावयाची असली म्हणजे ती उस्तादाला आपण होऊन सांगे, आमचे पत्रे मागाहून घाल आणि सकाळी काढ. मग ती दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा चालत जाऊन डबा घेऊन येई. ती बिस्किटे दीड महिन्यांनी, सांगलीकडच्या कुठल्याशा फडावर, मामी सांगे त्याप्रमाणे, हातात मोडताना कट्कन आवाज करीत.